पडलेल्या पक्षाची मतं

माझं माहेर सांगली जिल्ह्यात, पण तिथला खासदार हातकणंगल्याचा. बाहेरगावच्या माणसाला हे सांगताना दर वेळी जरा थांबून समजवावं लागतं. 2008 च्या पुनर्रचनेत इस्लामपूर आणि शिराळा हे आमचे दोन विधानसभा मतदारसंघ कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, इचलकरंजी, हातकणंगले आणि शाहूवाडीला जोडले गेले. तेव्हापासून कलेक्टर सांगलीचा, झेडपी सांगलीची, आणि लोकसभेचं मत तेवढं हातकणंगल्याला. मी लग्न होऊन सांगलीत विश्रामबागेला आले, तसं माझं मतही सांगलीत आलं. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वारणाकाठीच राहिलं. त्यामुळे लोकसभेचा निकाल आमच्याकडे नेहमी दोन मतदारसंघांचा लागतो. 2024 ला तो असा लागला की इकडे गल्लीत गुलाल उधळला जात होता आणि तिकडे आप्पा भर दुपारी टीव्ही बंद करून मळ्यात निघून गेले होते.

4 जूनला सकाळपासून टीव्हीवर 272 या बहुमताच्या आकड्याचा घोष चालू होता. भाजप 240 वर थांबला, एनडीए 293 वर गेली, काँग्रेस 99 वर. दुपारनंतर सगळे कॅमेरे चंद्राबाबू आणि नितीशकुमारांच्या दारात. तेलुगू देसमचे 16 आणि जनता दल युनायटेडचे 12, या 28 जणांशिवाय दिल्लीत सरकार उभं राहत नाही हे दिसल्यावर ‘प्रादेशिक पक्षांचे दिवस संपले’ म्हणणाऱ्यांचा सूर एका दुपारीत बदलला. महाराष्ट्रातला हिशोबही रात्रीपर्यंत पाठ झाला: काँग्रेस 13, भाजप 9, ठाकरेंची शिवसेना 9, शरद पवारांची राष्ट्रवादी 8, शिंदेंची शिवसेना 7, अजित पवारांची राष्ट्रवादी 1. बेरीज 47 होते. अठ्ठेचाळिसावी जागा आमची, सांगलीची, अपक्षाची.

या जागेची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. 1962 पासून 2014 पर्यंत सांगली काँग्रेसची. 2014 ला संजयकाका पाटलांनी ती भाजपकडे नेली, तीही 2 लाख 39 हजारांच्या फरकाने. 2024 ला महाविकास आघाडीच्या जागावाटपात ती ठाकरेंच्या शिवसेनेकडे गेली आणि मिरजेच्या सभेत चंद्रहार पाटलांचं नाव जाहीर झालं. चंद्रहार म्हणजे भाळवणीचा पैलवान, दोनदा महाराष्ट्र केसरी. त्यांच्याबद्दल कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण काँग्रेसची झाडून सगळी माणसं वसंतदादांच्या नातवामागे होती. विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, लिफाफा चिन्ह मिळालं, वंचित बहुजन आघाडीने पाठिंबा दिला, आणि 5,71,666 मतं घेऊन ते निवडून आले. संजयकाकांना 4,71,613 मतं पडली. चंद्रहार पाटलांना 60,860.

मतदान यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्षांची नावं असतात, मग नुसत्या नोंदणी झालेल्या पक्षांची, आणि अपक्ष सगळ्यांच्या खाली. आमच्याकडे भाकरी करायला येणाऱ्या मावशींची सासू नव्वदीच्या पुढची. तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही. मावशींनी नातवाच्या दप्तरातला पांढरा लिफाफा काढून भिंतीवर, तिच्या कंबरेच्या उंचीला, खिळ्याने लावून ठेवला होता. ‘वरची नावं सोडायची, खाली खाली यायचं, हे चित्र आलं की दाबायचं.’ म्हातारी दोन-चार दिवस येता-जाता त्या लिफाफ्यावर बोट ठेवून बघायची. जिल्हाभर अशीच तयारी चालली असणार, त्याशिवाय तळातल्या चिन्हाला पावणेसहा लाख मतं पडत नाहीत.

मीही लिफाफ्यालाच मत दिलं होतं आणि त्या दिवशी मला आनंद झाला हे खरं. पण दुसऱ्या दिवशी जिकडेतिकडे जे वाचायला मिळालं, की सांगलीच्या सामान्य माणसाने बड्या पक्षांना धडा शिकवला, ते मला पटलं नाही. लिफाफ्यामागे दादांचं नाव होतं. तीन पिढ्यांचे कार्यकर्ते होते, संस्था होत्या, गावोगावचे सरपंच होते. अपक्ष म्हणून निवडून आलेल्या खासदारांनी लगेच दिल्लीला जाऊन काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं आणि 99 चे 100 झाले. यात गैर काहीच नाही, लोकांनी त्यासाठीच निवडून दिलं होतं. फक्त हा छोट्याचा विजय नव्हे. छोट्या माणसाची, छोट्या पक्षाची कसोटी त्याच दिवशी शेजारच्या हातकणंगल्यात, राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या रूपाने लागली होती, आणि तिकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

आप्पांना मी संध्याकाळी फोन केला. मळ्यात होते, मोटार चालू असल्याचा आवाज येत होता.

“बघितलं न्हवं?” ते म्हणाले. “पडलं आपलं माणूस.”

“किती मतं पडली शेवटी?”

“पावणेदोन लाखाच्या वर हायती. डिपॉझिट गेलं म्हणत्यात.”

मी हिशोब करून बघितला. शिंदेंच्या शिवसेनेचे धैर्यशील माने 5,20,190. आघाडीकडून ठाकरेंच्या शिवसेनेचे सत्यजित पाटील सरूडकर 5,06,764. राजू शेट्टी 1,79,850. डिपॉझिट वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. या तिघांचीच बेरीज बारा लाखांच्या वर जाते, म्हणजे दोन लाखांच्या आत असलेल्याचं डिपॉझिट जाणारच. दोनदा या भागातून लोकसभेवर गेलेला माणूस तिसरा आला आणि पंचवीस हजाराची अनामतही राहिली नाही. आप्पांना हे आकडे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

आप्पांच्या कपाटात संघटनेचा लाल बिल्ला आहे. पत्र्याचा, मागची टाचणी गंजलेली. तो लावून ते ऊस परिषदेला जयसिंगपूरला जायचे, ट्रॅक्टर-ट्रॉलीतून, पहाटे भाकरी बांधून घेऊन. 2009 ची निवडणूक शेट्टी लोकवर्गणीवर लढले. ‘एक व्होट, एक नोट’ ही घोषणा तेव्हाची. आमच्या गावाची वर्गणी आप्पांनी गोळा केली होती आणि ती वही अजून घरात आहे. पुठ्ठा गेलाय, पानं पिवळी पडलीत. एका बाजूला नाव, एका बाजूला रक्कम. 11 रुपये, 21 रुपये, 51 रुपये. एका ओळीत नुसतं ‘बायकांच्या भिशीतून, 101’ असं लिहिलंय. एका नावापुढे पैसे नाहीत, ‘दोन पायल्या जोंधळा’ आहे आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात तो विकून आलेली रक्कम. त्या वर्षी शेट्टींनी निवेदिता माने यांचा पंचाण्णव हजारांच्या फरकाने पराभव केला. वहीतल्या प्रत्येक माणसाला वाटत होतं की खासदार आपल्या पैशाने झालाय, आणि ते खरंच होतं. मतदार उमेदवाराला पैसे देतो असं चित्र मी माझ्या आयुष्यात तेवढ्याच एका निवडणुकीत बघितलं.

त्या वहीतली किती माणसं 2024 ला शेट्टींच्या चिन्हाकडे न बघता दुसरीकडे गेली, हे मला आप्पांना विचारवलं नाही.

निकालानंतरच्या आठवड्यात जे ऐकलं त्याचा जास्त त्रास झाला. सरूडकर 13,426 मतांनी पडले. त्यामुळे आघाडीचे लोक शेट्टींवर तुटून पडले: मतं खाल्ली, ऐनवेळी उभे राहिले, समोरच्याला मदत केली. आमच्या गावात दूध घालायला गेलेल्या आप्पांना डेअरीवर एकाने तोंडावर म्हटलं, “तुमच्या त्या पावणेदोन लाखांचा काय उपयोग झाला सांगा.” आप्पांनी उत्तर दिलं नाही, कॅन ठेवला आणि आले.

मला त्यांच्या जागी उत्तर द्यायचं आहे.

मत ही आधी कुणाची तरी मालमत्ता असते आणि तिसरा येऊन ती पळवतो, असं धरून चाललं तरच खाल्ली म्हणता येतं. 2019 ला याच हातकणंगल्यात शेट्टी 96 हजारांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराला सव्वा लाखाच्या घरात मतं होती. तेव्हा आप्पांच्या बाजूचे लोक वंचितला हेच म्हणत होते. त्याच वर्षी सांगलीत विशाल पाटील स्वाभिमानीच्या बॅटवर लढले, 1,64,352 मतांनी पडले आणि वंचितच्या गोपीचंद पडळकरांनी 3,00,234 मतं घेतली. तेव्हा सांगलीतली काँग्रेसची माणसं वंचितच्या नावाने बोटं मोडत होती, आणि पाच वर्षांनी त्याच वंचितचा पाठिंबा त्यांना गोड लागला. म्हणजे आरोप करणारा बदलतो, आरोप तोच राहतो, आणि तो नेहमी छोट्यावरच होतो. पाच लाख मतं मिळूनही पडलेल्या मोठ्या पक्षाला कुणी विचारत नाही की तुम्ही यांची मतं का मिळवू शकला नाहीत. पडळकरांना तीन लाख मतं देणारा आटपाडी-जतकडचा धनगर, दलित, छोट्या-छोट्या जातींचा मतदार काही कुणाचं वाईट करायला उन्हात रांगेत उभा नव्हता. त्याला आपल्यातला माणूस यंत्रावर दिसला होता.

आणि हे शेट्टींच्या बाबतीत सरळसरळ अन्यायाचं आहे, कारण आघाडीने त्यांना पाठिंबा द्यायची तयारी दाखवली होती ती मशाल, म्हणजे ठाकरेंच्या शिवसेनेचं चिन्ह, हातात घेण्याच्या अटीवर. शेतकऱ्यांच्या संघटनेने दुसऱ्या पक्षाचं चिन्ह घ्यायचं म्हणजे दुसऱ्या दिवसापासून व्हिप त्यांचा, पक्षांतरबंदी कायदा त्यांचा. ऊसदराच्या आंदोलनात कारखानदारांविरुद्ध रस्त्यावर बसायचं आणि कारखानदार ज्या आघाडीत आहेत तिच्या चिन्हावर निवडून यायचं, हे जमलं नसतं. त्यांनी नाही म्हटलं आणि त्याची किंमत मोजली.

साताऱ्याचा निकाल मात्र वेगळा आहे आणि तो वेगळाच ठेवला पाहिजे. माझी नणंद साताऱ्यात असते. तिचा फोन त्या रात्री आला तो संतापाने भरलेला. उदयनराजे 32,771 मतांनी निवडून आले, शशिकांत शिंदे पडले. शशिकांत शिंदेंचं, म्हणजे शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच यादीत एका अपक्षाला तुतारीशी गल्लत होईल अशी पिपाणी मिळाली होती आणि तिला 37,062 मतं पडली. नणंदेचं म्हणणं, ही सगळी मतं चुकून गेली. सगळी नसतील. पण ज्या अपक्षाची जिल्ह्यात सभा नाही की चर्चा नाही, त्याला सदतीस हजार मतं कशामुळे पडली याचं दुसरं उत्तर मलाही सुचत नाही. आपलं मत कुठे गेलं हे ज्याला कळलंच नाही, त्याच्यावर अन्याय झाला आणि तो दुरुस्त व्हायला हवा होता. विधानसभेच्या वेळी निवडणूक आयोगाने पक्षाचं चिन्ह यंत्रावर जरा ठळक करायचं मान्य केलं, पिपाणी मात्र यादीतून काढली नाही.

पण हातकणंगल्यातल्या पावणेदोन लाखांना कुणी फसवलं नव्हतं. त्यांना माहीत होतं की आपला माणूस येणार नाही. माहीत असून त्यांनी मत दिलं. पिपाणीचं मत आणि हे मत यांना एकाच वाक्यात ‘फुकट गेलेली मतं’ म्हणणं मला सहन होत नाही.

जिंकणाऱ्यालाच मत द्यावं हा हट्ट या मातीत पूर्वी नव्हता. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, ज्यांनी प्रतिसरकार उभं केलं, ते 1957 ला उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर गेले ते कम्युनिस्ट पक्षाचे म्हणून. त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली होती आणि शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा गावोगावी होता. ढवळीचे एन. डी. पाटील आमच्याच वाळवा तालुक्यातले. आयुष्यभर एका छोट्या पक्षात राहिले, 1978 ला सहकारमंत्री झाले, आणि म्हातारपणी कोल्हापूरच्या टोलविरोधात रस्त्यावर होते. 2022 च्या जानेवारीत ते गेले तेव्हा आप्पांनी दिवसभर काही खाल्लं नाही. शेकापचं पुढे काय झालं हे आप्पा फार सोप्या शब्दांत सांगतात: कारखाने झाले, सोसायट्या झाल्या, बँका झाल्या, आणि ज्याला पीककर्ज हवं, ज्याच्या उसाला वेळेत तोड हवी, ज्याच्या पोराला संस्थेत चिकटायचंय, त्याला संचालकाच्या पक्षात जावंच लागलं. विचार पटेना म्हणून कुणी गेलं नाही. तोडीसाठी गेले.

म्हणूनच 2000 नंतर इथे शेतकरी संघटनेच्या नावाने पुन्हा काही उगवलं तेव्हा त्याचं अप्रूप होतं. शेट्टी आधी जिल्हा परिषदेत, मग 2004 ला शिरोळचे आमदार, मग खासदार. 2012 च्या नोव्हेंबरात उसाच्या पहिल्या उचलीसाठी, म्हणजे पहिल्या हप्त्यासाठी, आंदोलन पेटलं आणि सांगली जिल्ह्यातल्या वसगड्यात पोलिसांच्या गोळीबारात एक शेतकरी गेला. 2018 च्या जुलैत दूध आंदोलन झालं आणि लिटरला 25 रुपये ठरले. त्याच वर्षी शेट्टींनी लोकसभेत दोन खासगी विधेयकं मांडली, एक कर्जमुक्तीचं आणि एक हमीभावाच्या हक्काचं. ती मंजूर झाली नाहीत. पण शेकडो खासदारांत ती मांडायची बुद्धी एका खासदाराच्या पक्षाला झाली, हे मला कमी वाटत नाही. 2023 ला गाळप अडवून धरलं, शिरोलीला पुणे-बंगळूर हायवेवर लोक दिवसभर बसले, मागच्या हंगामाचे टनाला 400 मागितले आणि शेवटी तीन हजारांच्या आत दर दिलेल्या कारखान्यांनी 100, वर दिलेल्यांनी 50 द्यायचं ठरलं. माझ्या आप्पांना जे मिळाले ते पन्नासच. त्यांनी त्या पैशात आईला चष्मा केला. त्या हायवेवर बसलेल्यांत आप्पा होते, आणि गावातले बहुतेक ऊसवाले घरी होते. पन्नास मात्र सगळ्यांच्या खात्यावर आले. लोकसभेला मतं मागायची वेळ आली तेव्हा घरी बसलेल्यांतल्या कितीजणांना ते आठवले?

हे लिहिताना मला शेट्टींची बाजू झाकायची नाही. 2014 ला भाजपबरोबर, 2019 ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर, 2022 ला आघाडी सोडली, 2024 ला एकटे. प्रत्येक वळणाला कारण होतं आणि आप्पा ती कारणं पटवूनही द्यायचे, पण साध्या मतदाराच्या डोक्यात एवढंच राहिलं की हे कधी इकडे कधी तिकडे. जवळचे सहकारी सदाभाऊ खोत राज्यमंत्री झाले आणि 2017 ला रयत क्रांती नावाची वेगळी चूल मांडली. वंचितचंही तेच. पडळकर 2019 च्या विधानसभेआधीच भाजपमध्ये गेले आणि ती तीन लाख माणसं जिथल्या तिथे उभी राहिली. माण तालुक्यातून आलेल्या महादेव जानकरांनी 2009 ला माढ्यातून थेट शरद पवारांविरुद्ध उभं राहून राष्ट्रीय समाज पक्षाची ओळख केली होती. 2024 ला ते महायुतीकडून परभणीला गेले आणि तिथे पडले. माणदेशातल्या मेंढपाळाने आपल्या पक्षाचा उमेदवार बघायला परभणीला जायचं का? छोटा पक्ष मोठ्याच्या मांडीवर बसला की त्याला जागा मिळते ती मोठ्याला नको असलेली.

आणि चिन्ह. मान्यता नसलेल्या पक्षाला दर निवडणुकीला नव्याने चिन्ह मागावं लागतं. वंचितला 2019 च्या लोकसभेला कपबशी होती, सहा महिन्यांत विधानसभेला गॅस सिलिंडर आला. कमळ आणि हात म्हाताऱ्या माणसाच्या बोटाला पाठ झालेत. छोट्या पक्षाचा कार्यकर्ता पंधरा दिवस नुसतं चित्र सांगत फिरतो, मुद्दा सांगायला वेळच उरत नाही. मावशींना भिंतीवर लिफाफा लावता आला, कारण लिफाफ्याची बातमी रोज घरात येत होती. शेट्टींच्या चिन्हासाठी कुठल्या भिंतीवर काय लावलं होतं?

देशाच्या निकालात एक गोष्ट मला सापडली आणि मी ती आप्पांना समजावून सांगितली. ओडिशात नवीन पटनायकांच्या बिजू जनता दलाला लोकसभेला सुमारे 37 टक्के मतं पडली आणि जागा शून्य. आंध्रात तेलुगू देसमलाही साधारण 37 टक्केच मतं होती आणि जागा 16, कारण तिथे भाजप आणि जनसेना सोबत होते आणि मतं फुटली नाहीत. सारख्याच टक्क्यांवर एकजण पंतप्रधान ठरवतो आणि दुसऱ्याचं लोकसभेत नावही उरत नाही. मायावतींच्या पक्षाला 2019 ला 10 जागा होत्या. या वेळी उत्तर प्रदेशात नऊ टक्क्यांवर मतं मिळूनही एकही नाही. त्या नऊ टक्क्यांत किती लाख घरं येतात याचा विचार केला की माझं डोकं सुन्न होतं. आपल्या पद्धतीत पहिला येणारा सगळं घेऊन जातो. स्थिर सरकार मिळतं म्हणून ती चांगली, असं शाळेत शिकवलं आणि मला अजूनही ती टाकून द्यावी असं वाटत नाही. पण ती पद्धत ज्याला शून्य देते त्याला आपणही शून्य समजायचं, हे पद्धतीत कुठे लिहिलेलं नाही. ते आपण आपल्या मनाने करतो.

माझे यजमान म्हणतात, येणाऱ्यालाच मत द्यावं, निदान दारात काम तरी घेऊन जाता येतं. त्यांचं चुकीचं नाही. रस्ता, गटार, ट्रान्सफॉर्मर यांना सत्तेतला माणूस लागतो. पण टनाला किती हा प्रश्न सत्तेतला माणूस स्वतःहून विचारत नाही, कारण बहुतेक वेळा तोच कुठल्यातरी कारखान्याचा चेअरमन असतो किंवा चेअरमनचा पाहुणा. तो प्रश्न विचारायला बाहेरचा लागतो आणि त्या बाहेरच्याच्या मागे मतं लागतात.

2025 च्या 17 मार्चला त्याचा दाखला मिळाला. राज्य सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, दोन हप्त्यांत द्यायला परवानगी दिली होती. केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचं स्पष्ट आहे. शेट्टी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले होते आणि त्या दिवशी न्यायालयाने राज्याचा तो निर्णय रद्द केला. एफआरपी एकरकमी द्यायची. ज्याचं डिपॉझिट जाऊन नऊ महिने झाले होते, ज्याच्या पक्षाला नोव्हेंबरच्या विधानसभेतही एक जागा मिळाली नव्हती, त्याने हे मिळवलं. आणि ते मिळालं ते धैर्यशील मान्यांच्या मतदारांना, सरूडकरांच्या मतदारांना, डेअरीवर आप्पांना बोललेल्या त्या माणसालाही. त्याचा ऊस आप्पांच्या बांधाला लागूनच आहे.

मी फोनवर आप्पांना बातमी वाचून दाखवली. त्यांनी सगळी ऐकून घेतली, दोन वेळा ‘एकरकमी’ म्हणायला लावलं, आणि म्हणाले, “काट्याचं काय म्हटलंय का त्यात?”

काट्याचं काही नव्हतं. वजनकाट्यावर टनामागे किती किलो जातात हा गावातला जुना संशय आहे आणि सगळ्या कारखान्यांचे काटे ऑनलाइन जोडावेत ही संघटनेची मागणी तितकीच जुनी. साखरेचा किमान विक्री दर 2019 च्या फेब्रुवारीत किलोला 31 रुपये ठरला, तो 2024 च्या मतदानाच्या दिवशीही 31 च होता. 2024-25 च्या हंगामाची एफआरपी क्विंटलला 340, पण ती 10.25 टक्के साखर उताऱ्याला. हा पायाभूत उतारा पूर्वी साडेनऊ होता, तो वाढवत नेला आणि दरातली वाढ त्यातच जिरली. पावणेदोन लाख मतं या गोष्टींना पडली होती. उमेदवार पडला म्हणून मागण्या पडत नाहीत, त्या तशाच शिवारात उभ्या आहेत.

सांगली जिल्ह्याला आता दोन खासदार आहेत, एक माझा आणि एक आप्पांचा. माझे खासदार अपक्ष आहेत, त्यांना व्हिप नाही. काट्याचा आणि 31 रुपयांचा प्रश्न लोकसभेत त्यांनी विचारावा असं पत्र मी लिहायला घेतलंय. आप्पांनी त्यांच्या खासदारांना आधीच लिहिलंय, पोस्टकार्डावर, आणि खाली सही करताना नावापुढे कंसात ‘मत दिलेलं नाही’ असंही लिहिलंय. मी म्हटलं, ते कशाला लिहिलंत? म्हणाले, “खरं सांगून मागितलं तर द्यायचं न्हाई असं कुठं हाय? खासदार समद्यांचा असतोय.”